डायलिसिस टाळायला सांगणाऱ्यांनो

‘काहीही करा, पण मशीनवर जाऊ नका. एकदा लागलं की सुटत नाही.’

कुणाचं क्रिएटिनिन वाढल्याची बातमी घराबाहेर गेली की हा सल्ला दारात येऊन उभा राहतो. सांगणारे वाईट लोक नसतात. मामा असतात, निवृत्त गुरुजी असतात, मेडिकलवाला असतो, लग्नात भेटलेले लांबचे व्याही असतात. प्रत्येकाकडे एक उदाहरण तयार असतं. अमक्याला डायलिसिस लावलं आणि तो वर्षाच्या आत गेला. तमक्याने लावून घेतलं नाही, काढा घेतला, आणि तो अजून शेतात जातो. मी डायलिसिस विभागात सिस्टर आहे. हा सल्ला पाळलेली माणसं आमच्याकडे कोणत्या अवस्थेत येतात ते मला दिसतं, सल्ला देणाऱ्यांना दिसत नाही. म्हणून हे उत्तर त्यांना आहे आणि ते मी सरळच देते : किडनी निकामी व्हायला आली असताना मशीनला घाबरवून तुम्ही कुणाची किडनी वाचवत नाही. तुम्ही त्याचा तयारीचा वेळ खाता.

आधी ‘सुटत नाही’चं बघू. पावसाळ्यात घोणस चावलेले शेतमजूर येतात. विषाने किडन्या बंद पडलेल्या असतात, लघवी जवळजवळ थांबलेली असते. आम्ही त्यांना मशीनवर घेतो. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी लघवी सुरू होते, क्रिएटिनिन आपसूक उतरायला लागतं, आणि त्यांतले बरेच जण पायांनी चालत घरी जातात. पुन्हा त्यांना मशीन लागत नाही. लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण, जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी आटलेले, बाळंतपणात फार रक्त गेलेल्या बायका, यांचंही अनेकदा तसंच होतं. यंत्र तेच, सुया त्याच, बायकार्बोनेटचे कॅन तेच. सवय लावण्याचा गुण यंत्रात असता तर या सगळ्यांना लागायला हवी होती. फरक किडनीत आहे. अचानक बंद पडलेली किडनी पुन्हा चालू होऊ शकते. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने वर्षानुवर्षं आतून वण पडत गेलेली, आकसलेली किडनी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. तिथे डायलिसिस चालू राहतं कारण आजार चालू असतो. मशीन लावलं नाही म्हणून तो आजार मागे फिरत नाही.

हे यंत्र ज्यांनी उभं केलं त्या विलेम कोल्फ यांची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, कांपेन नावाच्या गावातल्या रुग्णालयात १९४३ साली त्यांनी लाकडी पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून पहिलं चालणारं यंत्र केलं. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण गेले. १९४५ च्या सप्टेंबरात ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीत आली, काही तासांच्या डायलिसिसनंतर शुद्धीवर आली, तिच्या किडन्या पुन्हा चालू झाल्या आणि ती पुढे काही वर्षं यंत्राशिवाय जगली. म्हणजे या उपचाराने वाचलेला जगातला पहिला माणूस हाच डायलिसिस ‘सुटलेला’ माणूस होता. उलट, ज्यांच्या किडन्या कायमच्या गेल्या होत्या त्यांच्यासाठी कोल्फ फारसं काही करू शकत नव्हते. दर वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागे आणि थोड्याच दिवसांत हातापायाला जागा उरत नसे. १९६० मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटल इथे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायम ठेवायची युक्ती काढली, तेव्हा कुठे पुन्हा पुन्हा डायलिसिस करणं शक्य झालं. त्यांचा पहिला रुग्ण, क्लाइड शील्ड्स, अकरा वर्षं जगला. ‘लागलं की सुटत नाही’ ही तक्रार १९६० च्या आधी कुणी केलीच नसती. अशी तक्रार करायला माणूस शिल्लकच राहत नव्हता.

दुसरं, ‘मशीनवर गेला म्हणजे माणूस संपला’. जयप्रकाश नारायण संपले होते का? आणीबाणीत जून १९७५ मध्ये त्यांना अटक झाली. चंडीगढच्या रुग्णालयात स्थानबद्ध असताना त्यांच्या किडन्या निकामी झाल्या, नोव्हेंबरात सुटका झाली, आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचं डायलिसिस सुरू झालं. वय त्र्याहत्तर. आजच्यासारखी यंत्रं नव्हती. रक्त वाढवण्यासाठी आज आम्ही देतो ते एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन तेव्हा जगात कुठेही मिळत नव्हतं, ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलं. तरी जयप्रकाश ८ ऑक्टोबर १९७९ पर्यंत जगले, आणि कसे जगले तेही बघा. विरोधी पक्षांना एकत्र आणून जनता पक्ष उभा राहिला, १९७७ ची निवडणूक झाली, देशातलं सरकार बदललं, राजघाटावर नव्या खासदारांनी त्यांच्यासमोर शपथ घेतली. हे सगळं ठरल्या दिवशी मशीनवर जाणाऱ्या माणसाने केलं. आमच्या सकाळच्या शिफ्टला एक रिक्षावाले काका येतात. चार तास झाले की हातावरची पट्टी दाबून धरत अर्धा तास बसतात आणि दुपारनंतर स्टँडवर गाडी लावतात. त्यांना कुणी संपलेला माणूस म्हटलं की माझा संताप होतो.

तिसरी गोष्ट काढ्याची, आणि ती जरा सविस्तर सांगायला हवी, कारण इथे आकड्यांचा आधार दिला जातो. ‘पुड्या घेतल्या आणि क्रिएटिनिन आठवरून सहावर आलं’ असा रिपोर्ट खरोखर दाखवतात. रिपोर्ट खोटा नसतो. पण क्रिएटिनिन किडनी तयार करत नाही, ते स्नायूंतून येतं. किडनी फक्त बाहेर टाकते. माणसाची भूक गेली, महिनोन्‌महिने तो पेजेवर राहिला, दंड आणि मांड्या उतरल्या, की स्नायू कमी झाल्यामुळे क्रिएटिनिन कमी तयार होतं. किडनी तिथेच असते किंवा आणखी बिघडलेली असते, कागदावरचा आकडा मात्र सुधारतो. घरचे पेढे वाटतात आणि माणूस खंगत असतो. शिवाय जुलाब थांबले, वेदनाशामक गोळी बंद झाली, तुंबलेली लघवी मोकळी झाली, तरीही आकडा खाली येतो, आणि श्रेय जातं पुडीला.

माझं भांडण आयुर्वेदाशी नाही. ज्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, त्या पुडीशी आहे. ‘वनस्पती आहे, अपाय कसा होईल’ म्हणणाऱ्यांनी ब्रसेल्समध्ये काय झालं ते माहीत करून घ्यावं. तिथल्या एका वजन कमी करण्याच्या दवाखान्यात बायकांना चिनी वनौषधींच्या गोळ्या दिल्या जात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या बायकांच्या किडन्या एकामागून एक आकसू लागल्या. १९९३ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी हे प्रसिद्ध केलं. दोष अ‍ॅरिस्टोलोकिया या वनस्पतीतल्या आम्लाचा निघाला. शंभराच्या आसपास बायकांच्या किडन्यांना इजा झाली, अनेकींना डायलिसिसवर जावं लागलं, आणि काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. औषध वनस्पतीचंच होतं.

आणि ‘किडनी साफ करणारे’ घरगुती उपाय. नारळपाणी, टोमॅटोचा रस, केळीच्या खुंटाचं पाणी, मिठाऐवजी ‘लो सोडियम’ मीठ. किडनी बिघडलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साठतं, आणि पोटॅशियम ठरावीक पातळीच्या वर गेलं की हृदय थांबू शकतं. लो सोडियम मिठात सोडियम काढून पोटॅशियमच घातलेलं असतं. सैंधव म्हणजे शेवटी मीठच, सूज आणि रक्तदाब त्यानेही वाढतो. कमरख नावाचं ते पाच धारांचं आंबट फळ तर अशा रुग्णाला उचकी, भ्रम, झटके, मृत्यू इथपर्यंत नेऊ शकतं. प्रेमाने पाजलेल्या शहाळ्यानंतर ईसीजी बिघडून आलेले लोक आम्ही रात्री मशीनवर घेतले आहेत.

आता त्या तयारीच्या वेळेबद्दल, जो तुम्ही खाता असं मी सुरुवातीला म्हटलं. डायलिसिससाठी मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी आणि शीर जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आजही तिच्यापेक्षा चांगली वाट कुणाला सापडलेली नाही. छोटं ऑपरेशन असतं, भूल फक्त हातापुरती. पण शीर जाड व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, कधी जास्त. तयार झालेल्या फिस्टुलावर बोटं ठेवली की थरथर लागते, कान लावला तर सरसर ऐकू येते. आमचे रुग्ण सकाळी उठल्यावर आधी ती थरथर तपासतात. ज्याचा फिस्टुला वेळेत तयार आहे तो पहिल्या डायलिसिसला घरून चालत येतो, दोन सुया टोचून घेतो आणि संध्याकाळी घरी जातो.

ज्याचा तयार नाही तो कसा येतो? सेहेचाळीस वर्षांचा एक शेतकरी रात्री आला. आडवं होता येत नव्हतं, खाटेच्या कडेला धरून बसला होता, छातीत पाणी भरलेलं, बोलताना दर दोन शब्दांनी धाप. मानेत नळी घालावी लागली, तीही त्याला बसलेलाच ठेवून. त्याच्या बायकोने पिशवीतून फाइल काढली तेव्हा त्यात फिस्टुला करून घ्या असं सांगणारी आठ महिन्यांपूर्वीची चिठ्ठी होती, चार घड्या घातलेली. मध्ये काय केलं विचारलं तर म्हणाली, ‘सगळे म्हणाले, हात कापून घेतला की मशीन आलंच म्हणून समजा.’ त्या आठ महिन्यांत अशक्तपणा आला की गावात सलाइन लावून घेत होते. लघवी कमी झालेल्या माणसाला सलाइन म्हणजे छातीत आणखी पाणी, आणि दर सलाइनमागे डाव्या हाताची एक शीर खराब. पुढे सर्जनने हात तपासला तेव्हा मनगटाला वापरता येईल अशी शीर उरली नव्हती. मानेतल्या नळीला जंतुसंसर्ग झाला, मशीन सुरू केलं की हुडहुडी भरून ताप यायचा. कोपराजवळ केलेला फिस्टुला एकदा बंद पडला, दुसऱ्या वेळी चालला. हे सगळं किडनीच्या आजाराने झालं नाही. उशिराने झालं.

तयारीच्या त्या महिन्यांत आणखीही कामं होतात. हिपॅटायटिस बीची लस नेहमीच्या दुप्पट मात्रेत, चार डोस, सहा महिन्यांत पूर्ण होते. किडनी पार निकामी झाल्यावर ती तितकी लागू पडत नाही. प्रत्यारोपणाचा विचार करायचा तर घरातल्या दात्याच्या तपासण्या, १९९४ च्या कायद्याप्रमाणे समितीपुढची कागदपत्रं, किंवा मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांपैकी आपल्या विभागाच्या प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नाव नोंदवणं. सगळं जुळून आलं तर मशीनवर न जाताच प्रत्यारोपण होऊ शकतं. डायलिसिस खरोखर टाळण्याचा शेवटचा मार्ग हा आहे, आणि ‘मशीनच्या डॉक्टरकडे जाऊ नका’ म्हणणारे नेमका तोच बंद करतात.

टाळायचंच असेल तर त्याची वेळ त्याहीपेक्षा कितीतरी आधी असते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाने वर्षातून एकदा लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, गुडघ्यासाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेणं सोडलं, रक्तदाब ताब्यात ठेवला, तर किडनीची घसरण बरीच मंदावते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी ती आणखी मंदावते हे २०२० च्या मोठ्या अभ्यासात दिसलं, आणि त्याच वर्षी आपल्याकडे तिचं पेटंट संपून ती स्वस्तही झाली. पण या टप्प्यावर सल्लागार येत नाहीत. तेव्हा पाय सुजलेले नसतात, आणि शेजारच्याची लघवी तपासा असं सांगायला कुणी लग्नात भेटत नाही.

विरोधकांच्या बोलण्यातला खरा भागही सांगते. ‘डॉक्टरांना मशीन चालवायचं असतं’ हा आरोप नेहमीच निराधार असतो असं मी म्हणणार नाही. केवळ आकडा बघून घाईने डायलिसिस सुरू केल्याने माणूस जास्त जगतो असं नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ८२८ रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. किडनीचं काम मोजणारा ईजीएफआरचा आकडा १० ते १४ असताना सुरू केलेले आणि ५ ते ७ पर्यंत थांबायचं ठरवलेले, दोन्ही गटांत मृत्यूचं प्रमाण सारखंच निघालं. हा अभ्यास तुमच्या बाजूचा वाटेल. पण पुढचं वाचा. थांबायचं ठरलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना धाप, मळमळ, सूज अशा त्रासामुळे ठरल्यापेक्षा आधीच सुरू करावं लागलं, आणि ते करता आलं कारण ते सगळे नियमित किडनीच्या डॉक्टरांच्या नजरेखाली होते. डॉक्टरांच्या नजरेखाली थांबणं वेगळं, डॉक्टरांचं तोंड चुकवणं वेगळं.

तसंच, ऐंशी ओलांडलेल्या, हृदयही थकलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाने मशीन नको म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. त्याला धाप, खाज, वेदना यांवरचे उपचार मिळाले पाहिजेत, आणि निर्णय त्याला सगळं समजावून त्याचा त्याने घेतलेला असला पाहिजे. माजघरात चार पुरुषांनी बसून आजीच्या वतीने घेतलेला नकार हा असा निर्णय नव्हे. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत, आया आणि पत्नी. त्याच बायकांच्या किडन्या बिघडल्या की ‘आता कशाला यातना’ हे वाक्य फार लवकर ऐकू येतं.

‘डायलिसिसवर माणूस खंगतो’ हेही काही अंशी दिसतं, पण त्याचं मोठं कारण आपल्याच स्वयंपाकघरात असतं. डायलिसिसच्या आधी प्रथिनं कमी खायला सांगतात, डायलिसिस सुरू झालं की उलट वाढवायची असतात, कारण दर वेळी काही ग्रॅम प्रथिनांचे घटक पाण्याबरोबर वाहून जातात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं लागतात. घरात मात्र जुनंच पथ्य चालू असतं. डबा उघडला की भात आणि वरणावरचं पाणी. आमच्या एका मावशींना सूनबाई इतक्या भीतीने जेवू घालायच्या की डाळ बोटाच्या पेराएवढीच. आहारतज्ज्ञाने बसवून सांगितलं : अंड्याचा पांढरा भाग, मासळी, चिकन, मोजून डाळ आणि पनीर खाऊ द्या, भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा, पाणी फेका, मग फोडणी द्या, पाणी मात्र कालच्या लघवीइतकं अधिक अर्धा लिटर, चहा-ताक धरून. तीन महिन्यांत मावशींच्या मनगटावरची बांगडी पुन्हा घट्ट बसली. दोन डायलिसिसच्या मध्ये चार-चार किलो पाणी घेऊन येणाऱ्याला मशीनवर पेटके येतात, बीपी पडतं, आणि घरी जाऊन तो झोपून राहतो. लोक म्हणतात मशीनने गळाला.

राहिला पैसा. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणाऱ्या योजनेत डायलिसिस बसतं. २०१६ च्या अर्थसंकल्पातून आलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत यंत्रं आली. डायलिसिसला जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेत सवलत आहे, रुग्णाला एसटीतही आहे. हे पुरेसं मुळीच नाही. आठवड्याला तीन बैठका लागणाऱ्यांना दोनच मिळतात, इंजेक्शनं संपलेली असतात, आडगावच्या माणसाचा अख्खा दिवस आणि सोबतच्याची मजुरी जाते. इथे रागवा. तालुक्याला केंद्र मागा, तिसरी बैठक मागा, पोटाच्या डायलिसिसची सोय मागा, म्हणजे पिशवीतलं द्रव पोटात सोडून ते घरीच करता येईल. नातेवाइकांमध्ये तुमच्या शब्दाला वजन आहे. आमदाराच्या कार्यालयातही ते वापरून बघा.

आणि पुढच्या वेळी कुणाच्या क्रिएटिनिनची बातमी कानावर आली तर मशीनबद्दल काही बोलण्याआधी ईजीएफआर किती आहे ते विचारा. तीसच्या खाली असेल तर या महिन्यात किडनीच्या डॉक्टरकडे स्वतः सोबत घेऊन जा. जाताना घरच्यांना एवढं बजावा : तो उजव्या हाताने जेवत असेल, तर डाव्या हातातून रक्त काढू देऊ नका, तिथे सलाइन लावू देऊ नका, मनगटावर तर अजिबात नाही.